साडेपाचची सुई

खडकीहून फोन आला सव्वाआठला.
"ताई, तुमचं ॲप आज ओरडलं नाही."
मधुसूदन खळदकर, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
अडतीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस,
आता आमच्या भोंग्यावर इन्सुलिन घेतो.
साडेपाचला. बेंबीपासून चार बोटं सोडून.
आज उशीर झाला. साखर चढली.
"तक्रार नाही," म्हणाले, "फक्त नोंद करून घ्या."

नोंद केली. मग लॉग उघडले.

रात्री दोन चाळीसला
मेमरी कमी पडली म्हणून फोननं
आमची पडद्यामागची सर्व्हिस मारली,
तीन वाजून सहा मिनिटांनी पुन्हा जिवंत केली.
कुणी बोट लावलं नव्हतं. काच काळी.
सिस्टीमनं तिला जन्म दिला
जसा ती सगळ्यांना देते,
कंस रिकामे ठेवून.
तिनं उठल्या उठल्या औषधांची यादी मागितली
त्या हाताकडे, जो रोज द्यायचा.
तो हात म्हणजे ॲपचा पहिला पडदा.
तो झोपलेला होता.
चुकलं. झोपलेलाही नव्हता. नव्हताच.
यादीच्या जागी नल,
आमच्या पिंपळे निलखच्या नळासारखा,
तोटी आहे, आत काही नाही.

ती ओरडली नाही, कोसळली.
पुन्हा उठवली, पुन्हा तसंच.
मग सिस्टीमनंही नाद सोडला.

चूक माझी.
मार्चमध्ये, रिलीजच्या आदल्या रात्री,
बाणेरच्या ऑफिसात थंड वडापाव खात मीच लिहिलं होतं:
पडदा उघडला की सर्व्हिसच्या हातात यादी ठेव.
टेस्टिंगमध्ये पडदा कायम उघडाच असतो.
आम्ही दिवसाची माणसं.

तन्वीर बागवान खुर्ची ओढून बसला.
कोड वाचला, काही बोलला नाही,
मग भलतंच सांगायला लागला:
"अब्बांचा गाळा मार्केट यार्डात.
डाळिंबाची गाडी तीनला लागते,
तेव्हा अब्बा घरी घोरत असतात.
रामलिंग हमाल येतो तो मोकळ्या हातानं.
काटा त्यानं घरून आणायचा नसतो,
अब्बांना उठवून मागायचाही नसतो.
शटर वर गेलं की काटा, वजनं, पावतीपुस्तक
हाताशी पाहिजे.
ते देणं गाळ्याचं काम."

एवढंच. बाकी आम्ही त्याला इंग्रजीत
लांबलचक नाव दिलंय, आणि मुलाखतीत विचारतो.

यादी उचलली, ॲपच्या मुळाशी नेऊन ठेवली.
सर्व्हिसवर एक खूण केली, इंजेक्ट:
तुला काय लागतं ते सांग, कुठून येतं ते विचारू नकोस.
पहिल्या श्वासालाच मिळेल,
पडदा असो, नसो.
तीन ओळी वाढल्या, अकरा गेल्या.

"आणि पडद्यावरचं काही तिला देऊ नकोस,"
तन्वीर जाता जाता म्हणाला.
"पडदा दोन मिनिटांचा, ती रात्रभराची.
जास्त जगणाऱ्यानं कमी जगणाऱ्याला धरून ठेवलं
की गळती लागते."

मला खळदकरांचं शेवटचं वाक्य आठवलं,
फोन ठेवता ठेवता म्हणालेलं:
"आधी सुई मंडळीच द्यायच्या.
वेळ त्यांच्या लक्षात असायची, मला कधी बघावी लागली नाही."
किती दिवस झाले, ते मी विचारलं नव्हतं.
त्याची नोंद कुठल्या रकान्यात करतात?

त्या रात्री माझ्याच फोनवर
तीनला सर्व्हिस मुद्दाम मारली
आणि अंधारात बघत बसले.
खाली कुणाची तरी दुधाची गाडी, क्रेट आपटल्याचा आवाज.
काच काळीच.
साडेपाचला ती ओरडली,
यादी तोंडपाठ असल्यासारखी.

नवीन आवृत्ती गेली बुधवारी.
गुरुवारी सव्वाआठला फोन आला नाही.
नऊलाही नाही. मी चहा घेतला.
साडेनऊला आला.

"वाजलं, ताई. वेळेवर वाजलं.
पण आवाज फारच नाजूक हो.
आमचा भोंगा बोपोडीपर्यंत जायचा."

नोंद केली.